मुराळ्याची गाडी

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, भावानं मुराळी होऊन बहिणीच्या सासरी जायचं आणि तिला माहेरी आणायचं, ही खान्देशातली रीत सुरतेत येऊनही कुणी सोडलेली नाही. धर्मेंद्रनं तर ती वाढवली. बहीण जयश्रीची लग्नानंतरची पहिली आखाजी, म्हणून तिच्या सासूला, शांताबाईंना, त्यानं फोनवर सांगून टाकलं, "मावशी, बसनं नाही, गाडीनं येतो."

गाडी होती. फक्त ती सरळ जायला राजी नव्हती. स्टिअरिंगला पुढच्या चाकांशी जोडणारे दोन्ही टाय रॉड ढिले झाले होते आणि खड्डा आला की स्टिअरिंगच्या अंगात यायचं. पर्वत पाटियाचा मेकॅनिक म्हणाला, सणानंतर ये. धर्मेंद्र म्हणाला, गरज नाही, घरीच बदलतो. हे त्यानं मेकॅनिकला हळू आणि नवागामच्या आपल्या गल्लीत मोठ्यानं सांगितलं.

सुट्टीच्या दिवशी तो गाडीखाली शिरला, तेव्हा गल्लीनं खुर्च्या बाहेर काढल्या होत्या. मोबाइल विटेला टेकवलेला. व्हिडिओतला माणूस रशियन होता आणि त्याच्यामागं बर्फ पडत होता. धर्मेंद्रच्या मागं आईच्या कुरडया वाळत होत्या. भाषा कळत नव्हती, पण नट सगळ्या देशांत सारखाच फिरतो असं त्याचं मत होतं.

"काय करी ऱ्हायना रे?" शेजारच्या सुकदेवकाकांनी विचारलं.

"टाय रॉड, काका."

"काढतोस का लावतोस?"

"आधी काढतो, मग लावतो."

"क्रम बरोबर आहे," काका म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला.

जुने रॉड निघाले, नवे बसले. सगळ्यात जास्त आश्चर्य धर्मेंद्रलाच वाटलं. आता दोन्ही चाकं एका दिशेला आहेत का, तेवढं पाहायचं राहिलं. रशियन माणसानं दोन चाकांमधलं अंतर पुढून मोजलं, मागून मोजलं आणि दोन्ही सारखं केलं. त्याच्याकडे टेप होता. धर्मेंद्रकडचा टेप जयश्रीच्या लग्नाच्या मांडवात हरवला होता. त्यानं खिशातून कारखान्यातला दोरा काढला, पुढून अंतर मोजून गाठ मारली आणि दोरा मागच्या बाजूला धरला. गाठ थोडी कमी पडली. त्यानं दोरा जरासा ओढला. बरोबर बसली.

दुसऱ्या दिवशी जयश्रीच्या सासरी जाताना चलथाणच्या रस्त्यावर गाडी सुरुवातीपासून किंचाळत होती. स्टिअरिंग भिंतीवरच्या तिरक्या फोटोसारखं धरावं लागत होतं. मोटारसायकलवाले हात करून चाकांकडे बोट दाखवत होते. तो मान हलवून आभार मानत होता.

शांताबाई दारातच उभ्या होत्या. आधी रबर जळल्याचा वास आत गेला, मग मुराळी उतरला. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली.

"मुराळी, तुन्या गाडीना चाकं एकमेकासकडे पाही ऱ्हायनात. नवरा-नवरी शेतस का?"

टायरच्या कडेचं रबर गेलं होतं आणि आतले धागे बाहेर आले होते.

"कोणी केलं हे काम?"

"आहे एक मेकॅनिक," धर्मेंद्र म्हणाला. "हात चांगला नाही त्याचा."

जयश्रीनं पिशवी ठेवायला गाडीचं दार उघडलं. सीटवर तो गाठ मारलेला दोरा पडलेला. तिनं उचलून दोन्ही हातांनी ओढला. दोरा लांब झाला. अजून लांब झाला. सोडल्यावर गोळा होऊन परत आला.

"दादा," ती म्हणाली, "यानं मोजलंस तू? हा क्रिम्प आहे."

धर्मेंद्र क्रिम्पच्या मशीनवरच कामाला होता. साधा, सरळ धागा घ्यायचा आणि तो ताणला की लांबेल असा करून द्यायचा, याच गोष्टीचा त्याला पगार मिळत होता.

"म्हणजे मेकॅनिक तूच," शांताबाई म्हणाल्या.

"हो, मावशी."

"आणि यात तू माझ्या सुनेला बसवणार होतास."

या वेळी त्या थट्टा करत नव्हत्या. धर्मेंद्र टायरकडे बघत राहिला. गाडीतून उतरताना आपल्याला कोण कोण बघेल, याचा विचार त्यानं आठवडाभर केला होता. गाडीत कोण बसेल, याचा केलाच नव्हता. टायर वळणावर फुटलं असतं तर, हे आत्ता पहिल्यांदा मनात आलं आणि जाईना.

"मुराळ्याला मी रिकामं धाडणार नाही," शांताबाई म्हणाल्या. "जयश्री येईल. गाडी इथंच राहील."

जयश्रीनं आपली स्कूटी काढली. त्यानं चावीसाठी हात पुढं केला.

"मागं बस," ती म्हणाली. "आणि पिशवी धर. आत पापड आहेत, दाबू नकोस."

पूर्ण रस्ता तो बहिणीच्या मागं पिशवी मांडीवर घेऊन बसला. ओळखीचा कुणी दिसला की पिशवी तोंडासमोर धरायचा, मग पापड आठवून खाली घ्यायचा.

गल्लीत त्यांची आई सरलाबाई भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन उभी होती. तिनं त्यांच्या मागं रस्त्यावर पाहिलं.

"गाडी कोठे शे?"

"मावशींना आवडली," जयश्री चटकन म्हणाली. "ठेवून घेतली दोन दिवस."

चार लोक ऐकत होते. हे इथंच मिटलं असतं.

"नाही आई," धर्मेंद्र म्हणाला. "काम मी चुकवलं. चाकं वाकडी बसवली. आणि तशाच गाडीत हिला आणणार होतो."

आईनं जयश्रीवरून तुकडा ओवाळून टाकला. मग आत जाऊन आणखी एक तुकडा आणला आणि त्याच्यावरून, मुराळ्यावरून ओवाळला. मुराळ्यावरून ओवाळत नाहीत. पण त्या गाडीतून तोही गेला होता. त्यापेक्षा तिनं चार लोकांत शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं, असं वाटून तो मान खाली घालून उभा राहिला.