बारा झाडांची ओळ

सकाळचा उजेड आमच्या घरात एकदम येत नाही. आधी तो समोरच्या इमारतीच्या काचांवर रेंगाळतो, तिथून रस्त्यावर उतरतो, आणि मग दर्शनी खिडकीतून आत येऊन बाबांच्या शिलाईयंत्राच्या चाकाला नुसता हात लावून पुढे सरकतो. फरशीवरचे दोऱ्यांचे तुकडे, कात्रीचं उघडं तोंड, कापडाच्या काठावरची खडूची धूळ, यांतली प्रत्येक गोष्ट त्याच्या वाटेत आली की क्षणभर मोलाची वाटू लागते. सोनं वगैरे त्यात काही नसतं. पाण्यात दुधाचे चार थेंब पडावेत तसा तो फिकट असतो. मागच्या अंगणात तो सगळ्यांत शेवटी पोहोचतो, कारण तिथे घराचीच सावली पडलेली असते. त्या दिवशी मी पायरीवर बसून त्याची वाट पाहत होतो. अंगणात आमच्या तंबाखूची ओळ उभी होती, आणि दहा वाजता ती पाहायला बीजमंडळाच्या परीक्षक बाई येणार होत्या.

घरच्या घरी तंबाखू लावणाऱ्या हौशी माणसांचं हे लहानसं मंडळ. त्यांच्या वहीत दोन भाग आहेत, जुनी वाणं आणि संकरित वाणं. पहिल्या भागात नाव लागायचं तर लावलेली बाराच्या बारा झाडं एकसारखी निघावी लागतात. बाबांचं वाण एकतीस वर्षांचं. त्याच्या पानाला देठ नसतो, पान थेट खोडाला मिठी मारतं. फूल फिकट गुलाबी. डॉक्टरांनी बाबांचा पाईप सोडवला त्याला नऊ वर्षं झाली, वाण मात्र त्यांना कुणी सोडायला लावू शकलं नाही. घरी पाहुणे आले की ते माझं पदवीचं प्रमाणपत्र दाखवत नाहीत. सालवार पुड्या घातलेली बियांची डबी दाखवतात.

त्या सकाळी त्यांनी स्वतःच्या सदऱ्याला दोनदा इस्त्री केली.

"दादा, मुलगी बघायला येतायत की झाडं?" कुंपणापलीकडून आत्याने विचारलं. आत्या निवृत्त परिचारिका. ती संकरित वाण लावते. तिच्या झाडांची पानं सुपाएवढी होतात आणि त्यांना रोग शिवत नाही.

"तुझ्या त्या सुपांना कोण विचारतंय?" बाबा म्हणाले.

"माझी सुपं निदान काटक आहेत. तुझं वाण म्हणजे नवा जावई. जरा ऊन लागलं की रुसून बसतो. काय रे मुक्या, खोटं बोलते का मी?"

मुक्या म्हणजे मी. मी नुसता हसलो.

बाई वेळेवर आल्या. त्यांनी चष्मा पुसला आणि वाकून एकेक झाड पाहिलं. पान उलटं केलं, खोडाशी बोट फिरवलं, फुलाचा रंग स्वतःजवळच्या रंगपट्टीशी ताडून पाहिला. बाबा त्यांच्या मागे एक पाऊल अंतर राखून चालत होते. दीक्षान्त समारंभात वडिलांनी चालावं तसे.

"दहाही झाडं सुरेख आहेत," बाई म्हणाल्या. "पण लावली बारा होतीत ना?"

"गोगलगायींनी खाल्ली," मी म्हणालो.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते न्हाणीघरामागे गेले आणि दोन पत्र्याचे डबे उचलून घेऊन आले. वीतभर असतानाच मी जी दोन रोपं उपटून कचऱ्याच्या ढिगावर टाकली होती, ती त्यांत कमरेइतकी उंच झाली होती. पानांना लांब देठ, फुलं गडद गुलाबी.

"ह्या आमच्या गोगलगायी," बाबा म्हणाले. "उपटलेलं झाड लपवून वाण शुद्ध होत नाही, बाई. तुम्ही सगळं बघा. पण देखणी आहेत की नाही, सांगा!"

"देखणी आहेत," बाई हसल्या, मग गंभीर झाल्या. "पण हा संकर आहे. मागच्या वर्षी फुलोऱ्यांना पिशव्या बांधल्या नव्हत्या?"

कळ्या मिटलेल्या असतानाच फुलोऱ्यावर मलमलीची पिशवी बांधायची, म्हणजे माशीच्या पायाला लागून दुसऱ्या झाडाचा पराग आत येत नाही. त्या पिशव्या बाबा शिवतात. बांधण्याचं काम गेल्या वर्षीपासून माझ्याकडे आलं होतं.

"बांधल्या होत्या," मी म्हणालो. "आत्याची झाडं अगदी कुंपणाला लागून आहेत."

आत्याने कुंपणावरचा हात काढून घेतला. "मग नाही लावत पुढच्या वर्षी," ती म्हणाली. "दादाच्या वाणापुढे माझी हौस ती केवढी?"

"तुझा काय संबंध?" बाबा म्हणाले. त्यांनी खुंटीवरची एक पिशवी काढली, डोळ्यांजवळ नेली आणि शिवणीवरून नख फिरवू लागले. "माझ्या शिवणीतून मुंगी जात नाही. निदान जात नव्हती. आता डोळ्यांचा भरवसा नाही."

बाईंनी वही उघडली. "शिंपीदादा, एकाच सालची चूक असेल तर आधीच्या पुडीतलं बी लावून पुढच्या वर्षी मला पुन्हा बोलवा. पण दोष पिशवीतच असेल, तर डबीतली प्रत्येक पुडी संशयाची ठरते. मग मला हे नाव जुन्या वाणांतून काढावं लागेल."

"काढा," बाबा म्हणाले. मान ताठ होती. "शिवण माझी आहे. दोष असेल तर माझाच."

एकतीस वर्षांत त्यांच्या हातचा एक टाका कधी उसवला नव्हता, हे त्या अंगणात माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मी त्यांच्या हातातून पिशवी घेतली.

"शिवण घट्ट आहे," मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला. "आत्याचाही दोष नाही. बाई, वहीत माझं नाव लिहा."

"काय लिहू?"

गेल्या वर्षी पहिलं फूल उमललं तेव्हा ते झाकायला माझा हात धजावला नव्हता. रोज सकाळी वाटायचं, आणखी एक दिवस पाहू. पिशव्या मी बांधल्या होत्या, पण फुलं उमलून चार दिवस झाल्यावर.

"पिशव्या मी उशिरा बांधल्या, असं लिहा," मी म्हणालो.