करवतीपुढचा माझा आवाज

मी एक जुना मेटल डिटेक्टर आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी भयंकर चिडलेलो आहे. माझ्याकडून गोडगोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

एक लांब दांडा, खाली ताटाएवढी चकती, वर एक डबी आणि तिच्यावर एक बटण, एवढाच माझा देह. बटण फिरवलं की माझी शोधण्याची पद्धत बदलते. 'सगळे धातू'वर मी कोणालाच सोडत नाही. लोखंडाला खालच्या आवाजात गुरगुरतो, तांब्याला नि चांदीला वरच्या पट्टीत किंचाळतो. वस्तू खोल असली तर आवाज बारीक येतो. 'नेमकी जागा'वर ठेवलं, की वस्तूच्या जवळ जाताना माझा आवाज चढत जातो. आणि 'नाणी'वर ठेवलं, तर लोखंड समोर असूनही मी तोंड उघडू शकत नाही. ही शेवटची सोय माझ्या पहिल्या मालकासाठी होती. तो सुट्टीच्या दिवशी नदीकाठी जुनी नाणी शोधायचा. गंजक्या खिळ्यांचा त्याला वैताग येई.

हौस फिटल्यावर त्याने मला एका लाकडाच्या गिरणीला विकलं. ओंडका करवतीवर चढण्याआधी त्यात खिळा किंवा तार आहे का, ते मी सांगायचं. मला चालवणाऱ्या मावशी तिखट कानाच्या होत्या. मी बारीक गुरगुरलो तरी त्या म्हणत, "खिळा दिसतोय, आणि चांगला आत गेलाय." मग बटण फिरवून नेमकी जागा शोधत आणि खडूने फुली मारत. करवतीवर त्यांचा धाकटा भाऊ असे. ताईने तपासल्याशिवाय तो ओंडक्याला हात लावत नसे. किती कौतुक व्हायचं माझं तेव्हा!

मग गिरणीच्या मालकाचा मेहुणा देखरेखीला आला. माझी कटकट त्याच्या डोक्यात जाऊ लागली. "दर ओंडक्याला हे भोकाड पसरतं. कामं कधी व्हायची?" असं म्हणत त्याने बटण 'नाणी'वर फिरवलं. मी गप्प झालो. "बघा, आता कसं शहाण्यासारखं वागतंय!"

"साहेब, आता ते लोखंडाला बोलणारच नाही," मावशी म्हणाल्या.

"मावशी, यंत्रातलं तुम्ही मला शिकवू नका."

मावशी गुपचूप बटण परत फिरवायच्या. ते लक्षात येताच त्या शहाण्याने बटणावर चिकटपट्टी लावली आणि मावशींना भुसा भरायला पाठवलं. मला आता कोणीही उचलावं, ओंडक्यावरून फिरवावं आणि "पास!" म्हणावं.

एके दिवशी रस्त्याकडेचं जुनं झाड आलं. त्यावर वर्षानुवर्षं पाट्या ठोकलेल्या. माझ्या चकतीला आतला प्रत्येक खिळा कळत होता, मित्रांनो! पण तोंड बांधलेलं. "पास!" झालं. करवत खिळ्यावर आदळली, पात्याचा दात उडाला आणि मावशींच्या भावाच्या डाव्या डोळ्यात घुसला. तो डोळा गेला.

आणि मेहुणा काय म्हणाला? "यंत्रच भंगार निघालं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मावशी भुशाची पोती टाकून आल्या. सगळ्यांसमोर त्यांनी चिकटपट्टी ओरबाडून काढली, बटण फिरवलं आणि मला त्याच ओंडक्याच्या उरलेल्या अर्ध्या भागावर धरलं. मी गिरणी दणाणून सोडली.

मालकाने मेहुण्याकडे पाहिलं. "मग हा आवाज तेव्हा का नाही आला?"

मावशी म्हणाल्या, "आला असता. यांना तो नको होता."

मेहुणा आता तिथे नाही. म्हणून माझा राग शमला असं समजू नका. तो डोळा काही परत आला नाही.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, कोरड्या जागी ठेवा, असं मी सांगणार नाही. ज्याचं कामच सावध करायचं आहे, त्याच्या ओरडण्याचा कंटाळा करू नका, एवढंच माझं मागणं आहे.

आता मला मावशींचा भाऊच चालवतो. या कामाला कान पुरतात. परवा नवा कामगार वैतागून म्हणाला, "दादा, जरा बंद करा ना हे!"

भाऊ हसला नाही, रागावलाही नाही. फक्त तोंडाची डावी बाजू त्याच्याकडे वळवली आणि म्हणाला, "ओरडू दे त्याला."