नऊ वेळा मेलेला राजा

आपल्याला दोन लेकी आहेत, असं शिंपीअप्पा दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत. थोरली म्हणजे त्यांचं पहिलं शिलाई मशीन आणि धाकटी म्हणजे खरोखरची लेक. थोरली कुरकुरते, पण उलट बोलत नाही, असंही वर ऐकवत. धाकटीने आता चाळिशी ओलांडली होती, दुकान तीच चालवत होती, तरी सगळ्यांसाठी ती धाकटीच राहिली.

रविवारी दुपारी दुकान बंद असे आणि कापायच्या लांबलचक टेबलावर वेगळाच कारभार चाले. अप्पा काळं अस्तराचं कापड अंथरत आणि शिंप्याच्या खडूने त्यावर भुयारं, किल्ले, दलदली आखत. मग गोष्ट सुरू होई. अप्पा सांगत आणि बाकीचे तिघं त्या गोष्टीत शिरून आपापलं नशीब फाशांवर सोडत. धाकटी जखमा बांधणारी वैदू होई. दातांची डॉक्टरीण कुऱ्हाड घेऊन सगळ्यांच्या पुढे धावे. आठवडाभर लोकांना गोडीगुलाबीने तोंड उघडायला सांगून तिची काहीतरी हौस राहून जात असावी. बस चालवणारा ड्रायव्हर चोर होई, आणि इतका भित्रा चोर शोधून सापडला नसता. एकवीस वर्षं हे चाललं होतं. डाव संपला की अप्पा ब्रशने खडू झटकून टाकत. कागदावर उतरवून ठेवण्याची त्यांची पद्धत नव्हती, सगळं डोक्यात.

आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं होतं.

अप्पांच्या गोष्टींत मेल्यावरही हिंडणारे पुष्कळ होते, पण मान होता बिनकाळजाच्या राजाला. त्याने आपलं काळीज छातीतून काढून कुठेतरी लपवलेलं होतं आणि ते सापडून फुटत नाही तोवर तो मेलेला असूनही मरत नसे. टेबलावर तो म्हणजे कोटाचं एक मोठं काळं बटण होतं, चार भोकांपैकी एक फुटलेलं. तीन वर्षांपूर्वी या तिघांनी सहा रविवार झुंजून ते काळीज शोधलं, फोडलं आणि राजाची राख केली. अप्पांनी स्वतः बटण डब्यात टाकलं. तीन महिन्यांनी त्यांनी तेच बटण बाहेर काढलं आणि आवाज खाली आणून म्हणाले की, आज तुम्हाला असा एक राजा भेटणार आहे, जो तुम्ही कधी पाहिला नाही.

डॉक्टरीण बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात ड्रायव्हरने टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला आणि कापऱ्या आवाजात विचारलं, कोण आहे हा? या खेळात मेलेला परत येण्याचं नवल नसतंच. दुसरा एखादा हाडामांसाचा दुष्ट असता तर पंचाईत झाली असती. राजा मात्र येत राहिला, मरत राहिला आणि तिघं त्याला दर वेळी पहिल्यांदाच भेटत राहिले.

गेल्या वर्षी अप्पांनी एका कोटाचे पुढचे दोन्ही भाग डाव्या बाजूचेच कापले. कापड गिऱ्हाइकाने कित्येक वर्षं जपून ठेवलेलं. अप्पांनी ते दोन डावे एकमेकांवर ठेवून बराच वेळ पाहिले, मग कात्री धाकटीच्या हातात दिली आणि पुन्हा कधी मागितली नाही. ना चर्चा, ना त्रागा. माणूसच असा एक घाव दोन तुकडे करणारा होता, त्याला कोण काय सांगणार.

तेव्हापासून धाकटीच्या जिवाला एकच घोर होता. आपण राजालाही विसरतो हे अप्पांना कळलं, तर तेही ते असंच सोडून देतील. कात्री गेली होती, वर्तमानपत्र वाचणं जवळपास गेलं होतं. रविवारही गेला तर अप्पांनी सोमवार ते शनिवार कशाच्या भरवशावर काढायचे?

अशात फासे आणि खेळाची पुस्तकं विकणाऱ्या दुकानदाराने एक टूम काढली. खेळणाऱ्या प्रत्येक टोळीने आपला सगळ्यात गाजलेला मेलेला खलनायक निवडून कळवायचा. त्यातल्या एकाचं चित्र दुकानाच्या शटरवर रंगवलं जाणार होतं. फॉर्मवर नाव, रूप आणि दुष्कृत्यं लिहायला जागा होती, शेवटचा रकाना होता ‘किती वेळा मारला?’ आणि खाली गोष्ट सांगणाऱ्याची सही हवी होती.

निवड करायला तिघं दुपारच्या सुट्टीत डॉक्टरिणीच्या दवाखान्यात जमले. ड्रायव्हर पेशंटच्या खुर्चीत आडवा झाला आणि रक्ताला चटावलेल्या राणीची बाजू मांडू लागला. तिने त्याचे आधीचे दोन चोर प्यायले होते, त्यामुळे त्याला तिच्याबद्दल आदर होता. डॉक्टरिणीला हाडांचा सेनापती हवा होता, कारण त्याचे बत्तीसच्या बत्तीस दात दिसतात. दोघं चांगलेच हमरीतुमरीवर आले.

"राजाचं बटण हातात घेतलं ना," धाकटी म्हणाली, "की अप्पांची पाठ ताठ होते. दुसऱ्या कशाने आता होत नाही."

मग वाद घालण्यासारखं काही उरलं नाही. डॉक्टरिणीने राजाचं नाव लिहिलं, रूप लिहिलं, दुष्कृत्यांना पुरवणी जोडली आणि शेवटच्या रकान्यापाशी अडली. खोटं लिहायचं तिच्या हाताला वळण नव्हतं आणि खरं लिहायची कुणाची छाती नव्हती. रकाना कोराच राहिला.

रविवारी अप्पांनी चष्मा लावून फॉर्म वाचला. राजा निवडलेला पाहून ते खूश झाले, पण ते दाखवलं नाही. मग बोट शेवटच्या रकान्यावर ठेवून म्हणाले, माप अर्धवट सोडून शिंपी सही करत नाही. ड्रायव्हर "एकदा" म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले. अप्पांनी धाकटीकडे पाहिलं. उद्या नक्की शिवून देते, हे ती गिऱ्हाइकांना रोज डोळ्यात डोळे घालून सांगायची. इथे तिला ते जमेना.

"नऊ वेळा, अप्पा," ती म्हणाली. "तुम्ही विसरता. आम्ही बोललो नाही."

अप्पांनी बटण उचललं. अंगठा त्या फुटक्या भोकावरून फिरत राहिला. धाकटीला ते दोन डावे तुकडे आठवले. आता बटण डब्यात जाईल, ब्रश निघेल, कापडाची घडी होईल, असं तिला वाटलं.

"नऊ वेळा घाबरायचं नाटक केलंत?" अप्पांनी विचारलं.

"दुसऱ्या खेपेला केलं," ड्रायव्हर म्हणाला. "पुढे करावं लागलं नाही."

आणि ते खरंच होतं. धाकटी भडाभडा सांगत सुटली. पहिल्यांदा काळीज विहिरीत होतं. ते ओळखीचं म्हणून दुसऱ्या वेळी तिघं थेट विहिरीत उतरले आणि तिथे बुडता बुडता वाचले, कारण या वेळी अप्पांनी ते एका पाळण्यात ठेवलं होतं. एकदा ते घंटेत होतं, एकदा राजाच्या म्हाताऱ्या आईकडे, एकदा तर ड्रायव्हरच्याच पिशवीत. आधीचं ठाऊक असून पुढच्या आठ वेळांत एकदाही काडीचा उपयोग झाला नव्हता. अप्पा ऐकत होते, जणू दुसऱ्याच कुणाची करामत ऐकत आहेत, आणि पाळण्याशी आल्यावर त्यांनी हळूच मान डोलावली.

"कात्री मी का दिली?" ते म्हणाले. "लोकांचं कापड फुकट जात होतं म्हणून. इथे कुणाचं कापड फुकट गेलं का?"

डॉक्टरिणीने नाक पुसलं.

"मग लिही नऊ. आणि खाली लिही, अजून मेलेला नाही." त्यांनी सही केली. "आणि मला हे पुन्हा सांगू नकोस, धाकटे. एकदा ऐकलं तेवढं पुरे."

महिन्याभराने शटरवर राजा आला, मुकुटात तीन भोकांचं काळं बटण. धाकटी अप्पांना मुद्दाम त्या रस्त्याने फिरायला घेऊन गेली. अप्पा शटरसमोर थांबले. खालची ओळ त्यांनी मोठ्याने वाचली, नऊ वेळा मारला, अजून मेलेला नाही.

"कुणाच्या डोक्यातून निघाला हा?" त्यांनी विचारलं. "माणूस हुशार दिसतोय."

"आहे हुशार," धाकटी म्हणाली. "जरा हट्टी आहे."

तिने त्यांचा हात धरला आणि घरापर्यंत सोडला नाही.

पुढच्या रविवारी अप्पांनी काळं कापड अंथरलं, खडूने एक किल्ला काढला आणि डब्यात हात घालून बटण बाहेर काढलं. पाठ ताठ झाली. आज तुम्हाला असा एक राजा भेटणार आहे, ते म्हणाले, जो तुम्ही कधी पाहिला नाही. ड्रायव्हरने धाकटीकडे पाहिलं. तिने फासे मुठीत घट्ट धरले.

"कोण आहे हा, अप्पा?" तिने विचारलं. काळीज या वेळी कुठे आहे, हे तिला खरोखरच माहीत नव्हतं.