निवासी जावई मंडळ, कर्जत-खालापूर

हरेशला शेवटी 'या' म्हणण्यात आलं. तेही दोनदा, शेजारच्या चार घरांत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, आणि ते ऐकून त्याने डोळ्यात कचरा गेल्याचं सांगितलं.

तर असं काहीही झालेलं नाही. 'या' नाही, कचराही नाही. हरेश पोशीरला सासूच्या अंगणात मोटारीचा पाइप गुंडाळत उभा आहे आणि गेल्या सहा वर्षांत त्याला या घरात कोणीही 'या' म्हटलेलं नाही.

यात सासरच्यांचा दोष नव्हता. हरेश मूळचा खालापूरकडचा. मार्च २०२० मध्ये त्याचं विनिताशी लग्न झालं. लग्नानंतर रीतीप्रमाणे नवरा-नवरी पाचपरतावणाला मुलीच्या माहेरी जाऊन, जेवून परत येतात, तसा तो दोन शर्ट आणि एक टॉवेल घेऊन आला आणि तिसऱ्या दिवशी लॉकडाऊन लागला. पुढे लॉकडाऊन उठला, हरेश उठला नाही. विनिता एकुलती एक, सासरे नामा यांचा गुडघा दुखरा, लावणी तोंडावर. 'एवढी लावणी होऊ द्या' म्हणता म्हणता कापणी आली, आणि तोवर खालापूरला भावांनी त्याच्या खोलीत कोंबडीखाद्याची पोती रचली होती. सासू गौराबाई पहिल्या वर्षी त्याला 'तुमी' म्हणायची. दुसऱ्या पावसाळ्यात एकदा 'हरेश, मोटार चालू कर रं' म्हणाली आणि त्या क्षणी तो घरचा झाला.

घरचं होणं चांगलंच. भाताची पहिली मूद त्याच्या ताटात पडायची, ताप आला तर गौराबाई रात्रभर उशाशी बसायची. पण घरच्या माणसाला कोणी 'या' म्हणत नाही. सणावाराला शेजाऱ्यांचे जावई यायचे. कुणी पायावर पाणी घालायचं, कुणी पाट मांडायचं, आणि हरेश त्यांना गाडी कुठे लावायची ते दाखवायचा. गावात त्याची ओळख 'विनिताचा घरवाला' अशी होती. गाड्या लावणारा असंही काहींना वाटायचं.

दहिवलीत त्याचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान होतं. एका रिकाम्या दुपारी त्याने मोबाइलवर एका दाढीवाल्याचा व्हिडिओ बघितला. दाढीवाला म्हणाला, "तुमचं जे दुखतं तेच ज्यांचं दुखतं, ते तुमचे मेंबर. त्यांची ऑनलाइन कम्युनिटी बांधा." हरेशने संध्याकाळपर्यंत बांधली. नाव ठेवलं 'निवासी जावई मंडळ, कर्जत-खालापूर'. सदस्यत्वाच्या फॉर्मात स्वतःचं नाव ऐच्छिक होतं, सासरवाडी अनिवार्य. सोबत सासऱ्यांच्या रेशनकार्डाचा फोटो जोडायचा, कारण सणापुरते येणारे फिरते जावई मजा बघायला आत घुसत होते.

व्हिडिओत सांगितलं होतं म्हणून त्याने पैसे भरून घ्यायचं 'सुवर्ण सदस्यत्व'ही ठेवलं. ते एकानेही घेतलं नाही. पैसे गेल्याचा मेसेज बायकोच्या मोबाइलवर जात होता. मग मंडळ सर्वांना मोफत झालं.

दोन महिन्यांत अडतीस सदस्य जमले. त्यांच्या फोटोंमध्ये सतरा गुलाब आणि नऊ सूर्यास्त होते, बाकीचे देव. माणूस एकही नव्हता. दर सोमवारी प्रश्न विचारा, असा दाढीवाल्याचा आग्रह होता. हरेशने विचारलं, "आज तुम्हाला मोकळं वाटतंय का?" अडतीस जणांनी वाचलं. तीन दिवसांनी एका गुलाबाने अंगठा दाखवला आणि लगेच काढून घेतला.

बोलणारा एकच होता, कर्जतच्या डोंगरातल्या वाडीवरचा वाघ्या. दुकानात फॉर्म भरायला आला होता, तेव्हा हरेशने त्याचं रेशनकार्ड बघून त्याला जागच्या जागी सदस्य करून घेतलं होतं. मे महिन्यात एके सकाळी त्याने आवाज पाठवला.

"हरेशदादा, रामराम. ग्रुप चांगला हाय. पन दुखतंय काय ते कळंना. मी बी सासऱ्याकडंच राहतो, आमच्या वाडीवर कोन काय बोलत नाय. तुमाला काय मारतात का?"

हरेशने लिहिलं, "मारत नाहीत. बोलावत नाहीत." मग त्याला राहवेना. "अधिक महिना लागलाय. तीन वर्षांनी येतो. या महिन्यात जावयाला घरी बोलावतात, पाटावर बसवतात, पुरणाचे धोंडे वाढतात, वाण देतात. आपण आधीच घरात. बोलावणार कुठून?"

वाघ्याचा आवाज लगेच आला. "मंग दुसऱ्याच्या घरी जा की. त्याला तुमच्या घरी धाडा. चला, मला करवंदं काढायचीत."

मंडळात अकरा मिनिटांनी पहिला मेसेज पडला. त्यानंतर दुपारपर्यंत दोनशे बारा मेसेज आले. ज्या माणसाने वर्षानुवर्षं सासरी तोंड उघडलं नव्हतं त्याने वाणात काय चालेल याची यादी टाकली. संध्याकाळी चिठ्ठ्या काढून जोड्या लावल्या. हरेशच्या वाट्याला साईनाथ आला. तो रसायनीत कारखान्यात कामाला होता आणि तिथल्याच एका गावात सासरी राहायचा. ठरलेल्या रविवारी हरेशने त्याच्या सासरी जायचं, त्याने हरेशच्या. नियमही झाले. पाहुण्या जावयाने स्वतःचं ताट उचलायचं नाही. नियम चार असा की पंखा, मिक्सर, मोटार यांपैकी काहीही दुरुस्त करायचं नाही, हात कितीही शिवशिवले तरी.

फक्त घरी विचारायला कोणी तयार होईना. 'आधी अ‍ॅडमिन विचारतील' हा ठराव अडतीस अंगठ्यांनी मंजूर झाला. त्यातला एक अंगठा घाईघाईत खुद्द हरेशचाच पडला होता.

दोन दिवस तो विचारायला जायचा आणि मोटार चालू करून परत यायचा. विचारणं म्हणजे तक्रार करणं. जिने सहा वर्षं पोटच्या पोरासारखं बघितलं, तिला काय सांगायचं? मला पाहुणा व्हायचंय? तिने मनाला लावून घेतलं तर आहे ते घरही जाईल, आणि खालापूरला तर पोती होती.

तिसऱ्या दिवशी गौराबाई अंगणात तांदळाचे पापड वाळत घालत होती.

"आई, धोंड्याला आपल्याकडं एक जावई आला तर चालंल का?"

गौराबाईचा हात थांबला. "कोनाचा?"

"दुसऱ्याचा."

"विनिता! ए विनिता! हा काय बोलतोय बघ गं. ऊन लागलंय वाटतं याला."

विनिता दारात आली. "ऊन नाय गं आई. ग्रुप काढलाय त्यानं. मोबाइल घेऊन मोरीत बसतो, मला काय कळत नाय व्हय?"

मग हरेशने सगळं सांगितलं, पापडांकडे बघून. सांगून झाल्यावर गौराबाईने पापडांची परात बाजूला सारली. उठली, हात पदराला पुसले आणि आत गेली. पेटीचं झाकण वाजलं. हरेशने मनातल्या मनात दोन शर्ट आणि टॉवेल भरायला घेतले.

गौराबाई बाहेर आली ती एक पुरचुंडी घेऊन. आत चांदीचं निरांजन होतं, वापर नसल्याने काळं पडलेलं.

"ही बारावीला व्हती तवा घेतलंय. जावयाला द्यायचं म्हनून. तू आलास तो गेलासच नाय. द्यायचं कवा रं? गेल्या अधिकात जाऊबाईंकडं तीन जावई जेवले, मी आपली तेहतीस अनारसे तळून शेजारी वाटले."

नामा ओटीवरून म्हणाले, "मी पन सफारीचं कापड घेतलेलं. आता ते उंदरानंच घातलं."

"मग द्या की यालाच," विनिता म्हणाली. "उभा हाय समोर."

"अशी कशी देऊ? बोलावल्याबिगर देतात का? आन् बोलावू कुटनं, इहिरीवरनं?" गौराबाई हरेशकडे वळली. "त्या साईनाथाला पुरण गोड लागतं का कमी, विचार. आन् मला घे त्या ग्रुपात."

नियमाप्रमाणे गौराबाई सदस्य होऊ शकत नव्हती, ती निवासी होती पण जावई नव्हती. म्हणून सासू विभाग उघडावा लागला. दोन दिवसांत तो मूळ मंडळापेक्षा मोठा झाला आणि तिसऱ्या दिवशी गौराबाई त्याची अ‍ॅडमिन झाली. तिथे फोटो लपवायची भानगड नव्हती. एकेक सासू कॅमेऱ्याच्या इतकी जवळ आली होती की फक्त कपाळ दिसायचं. सोमवारच्या प्रश्नाची वाट कोणी बघत नव्हतं.

रविवारी हरेश इस्त्रीचा शर्ट घालून मोटरसायकलवर निघाला. साईनाथच्या सासरी पोचेपर्यंत सगळं नीट होतं. मग सहा वर्षांच्या सवयीने त्याने गाडी मागच्या बाजूला लावली, मागच्या दगडावर पाय धुतले, स्वयंपाकघरात शिरला आणि तिसरी शिट्टी झाली म्हणून कुकर बंद केला.

साईनाथची सासू जना पुढच्या खोलीत तासभर ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. ती कुकर बघायला धावत आत आली.

"अगं बया! कोन रं तू?"

"मी... जावई."

"आमचा बी असाच येतो, मागनं! म्हनून तर आज त्याला बाहेर धाडलाय. चला, व्हा बाहेर. पुढनं या."

हरेश घराला वळसा घालून पुढे आला आणि दारात उभा राहिला. हातांचं काय करायचं ते कळेना. खिशात घातले, काढले. शेजारची दोन माणसं बघायला थांबली. आत बांगड्या वाजल्या, आणि जना उंबऱ्यात येऊन खणखणीत आवाजात म्हणाली, "या, जावईबापू, या!"

हरेशने डोळ्यात कचरा गेल्याचं सांगितलं. जनाने पदराचं टोक पुढे केलं आणि कुठल्या डोळ्यात ते विचारलं नाही.

तो पाटावर बसला, सात धोंडे जेवला आणि ताट घेऊन उठायला लागला तेव्हा दोन बायकांनी खांद्याला धरून त्याला खाली बसवलं.

संध्याकाळी घरी आला तर गौराबाई ओटीवर पाय पसरून बसली होती. दमलेली, पण दहा वर्षांनी लहान.

"साईनाथ भला मानूस," ती म्हणाली. "निरांजन दिलं त्याला. जाता जाता पंखा दुरुस्त करून गेला."

"ते नियमात बसत नाय, आई."

"आन् जनाचा कुकर कोनी बंद केला?"

हरेशने गाडीची किल्ली खिळ्याला अडकवली.

"म्हनाली का रं ती तुला? मोठ्यांदा?"

"तुमाला कसं माहीत?"

"आमच्या विभागात मीच लिवलेलं सकाळी. पोरगा दारात आला की दोनदा म्हना, आन् शेजारी ऐकू जाऊ दे." तिने पाय आवरून त्याला बसायला जागा केली. "धोंडे राहिलेत तुझ्यासाठी. खातोस ना?"

त्याने आणखी तीन खाल्ले. मंडळात त्या रात्री गुलाब जाऊन माणसांचे फोटो आले, ओवाळलेल्या कपाळांसकट. आठवडाभरात पनवेल आणि मुरबाडहून सदस्यत्वाचे अर्ज यायला लागले. आता एकच अडचण उरली. सगळ्यांना पुढचा धोंडा कधी ते हवं होतं, आणि पुढचा अधिक महिना २०२९ मध्ये होता. तेव्हा दोन्ही विभागांच्या एकमताने हरेशने सोमवारी सकाळी दुकानात बसून अर्ज टाइप केला:

प्रति,
मा. तहसीलदारसाहेब, कर्जत
(योग्य मार्गाने मा. चंद्र व मा. सूर्य यांजकडे रवाना होण्यासाठी)

विषय: अधिक महिना दरवर्षी मिळणेबाबत.

महोदय,
चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी कमी भरत असून सदर दिवस आपल्या स्तरावर तीन-तीन वर्षे साठवून ठेवण्यात येतात. त्यामुळे मंडळाच्या सदस्यांची व त्यांच्या सासूबाईंची गैरसोय होत आहे. सबब, सदरचे अकरा दिवस ज्या त्या वर्षीच मोकळे करण्यात यावेत, व ते अकराही दिवस रविवार असावेत, ही नम्र विनंती.