अवस्थी मॅडमची संगणक-खोली

माघातल्या सकाळी धुक्यात शाळेचा व्हरांडा बुडून जाई. मग कुठूनतरी किल्ल्यांचा जुडगा वाजे आणि त्या पांढुरक्या शून्यातून अवस्थी मॅडम आकार घेत: राखाडी शाल, घट्ट मिटलेले ओठ, समोरच्या माणसात आधी चूक शोधणारे डोळे. तो कोरडा किणकिणाट ऐकताच वर्गावर्गांतली कुजबुज विझून जाई. त्या मला कधी आवडल्या नाहीत. आजही आवडत नाहीत, आणि लिहिताना मी तटस्थतेचा आव आणणार नाही.

नवऱ्याच्या रेल्वेतल्या बदलीने आम्ही साताऱ्याहून लखनौला आलो, वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत घर मांडलं, आणि तेलीबागेतल्या मुलींच्या एका खासगी शाळेत मी संगणक शिकवू लागले. अवस्थी मॅडम तिथल्या मुख्याध्यापिका. शाळेत बारा संगणक होते, त्यांवर जांभळ्या कापडाच्या खोळी होत्या, आणि खोलीची किल्ली मॅडमच्या कमरेला. माझ्याआधी मुली वहीत माऊसचं चित्र काढत, त्याचे भाग पाठ करत आणि पैकीच्या पैकी गुण मिळवत. "मशीन ख़राब हो जाएगी," एवढं एकच उत्तर मॅडमपाशी होतं. महिनाभर मागे लागून मी आठवीसाठी शनिवारचे दोन तास मिळवले, तेव्हा किल्ली माझ्या तळहातावर ठेवताना त्यांनी अशी मुद्रा केली, की जणू दागिना गहाण टाकत होत्या.

एका यंत्रापुढे तीन-तीन मुली दाटीने बसत. पडद्याचा निळसर उजेड त्यांच्या चेहऱ्यांवर पडे, आणि आठवडाभर खाली झुकलेल्या माना हळूहळू वर येत. टंकलेखन त्या आपोआप शिकल्या असत्या. मला शिकवायचं होतं ते वेगळं. फोनवर आलेला फोटो मुळात कुठला आहे हे कसं शोधायचं, कुणी कितीही गोड बोललं तरी पासवर्ड का द्यायचा नाही, पुढे पाठवण्याआधी क्षणभर थांबायचं कसं. सना नावाची मुलगी सगळ्यांत चलाख. सतत कपाळाला आठी, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "पर क्यों, मैम?"

एकदा मधल्या सुट्टीत मी मॅडमच्या खोलीत सही घ्यायला गेले. त्या खिडकीपाशी फोन हातभर लांब धरून उभ्या होत्या, एकेक शब्द ओठांनी जुळवत होत्या, तर्जनी पडद्यावर पडायला घाबरत होती. मला पाहताच त्यांनी फोन शालीत दडवला. यंत्रांविषयीच्या त्यांच्या तिरस्काराच्या मुळाशी भीती होती हे मला त्या क्षणी कळलं. कळल्याने माझा राग कणभरही निवळला नाही. भीती मलाही वाटते, पण तिचं कुलूप मी दुसऱ्याच्या दारावर घालत नाही.

त्याच पंधरवड्यात एके सकाळी पालकांच्या ग्रुपवर मॅडमच्या फोनवरून एक फोटो आला. मफलर गुंडाळलेला, गाल बसलेला एक माणूस, आणि खाली ओळ: "सावधान! यह आदमी बच्चे उठाता है। तेलीबाग में देखा गया है।"

रामखिलावन भैया सहा वर्षं आमच्या शाळेतल्या मुलींना ई-रिक्षातून ने-आण करत होते. शेवटची मुलगी आत शिरेपर्यंत ते फाटकाशी थांबत. त्यांच्या गळ्यातही मफलर होता, त्या थंडीत कुणाच्या नव्हता? दुसऱ्या दिवशी दोन बापांनी त्यांना सीटवरून खाली ओढलं. मुली किंचाळल्या, "अरे, ये तो भैया हैं!" म्हणून हात थांबले. तोवर त्यांचा ओठ फाटला होता. ते उठले, मुलींची दप्तरं एकेक करून उतरवून दिली, आणि कुणाकडेही न पाहता निघून गेले.

त्या शनिवारी मी वेगळा धडा घेतला नाही. सनाने स्वतःच त्या फोटोचं मूळ शोधायला घेतलं आणि दहा मिनिटांत शोधून काढलं. फोटो जुना, दुसऱ्या राज्यातला. तो माणूस स्वतःच हरवलेला होता. त्याच्या घरच्यांनी शोधासाठी ते छायाचित्र दिलं होतं. सोमवारी प्रार्थनेनंतर सना रांगेतून पुढे आली.

"मैम, वो फ़ोटो झूठी थी। भैया को बिना बात मार पड़ी।"

मॅडमचा आवाज अगदी शांत होता. "ये सब किसने सिखाया?"

"मैंने," मी म्हणाले.

त्या दिवशी खोलीला पुन्हा कुलूप लागलं. सनाच्या वडिलांना बोलावून तिच्याकडून माफीनामा लिहून घेतला. तिने पेन इतकं दाबून लिहिलं की अक्षरं कागदाच्या पाठीवर उमटली. दुपारी मी मूळ बातमी पालकांच्या ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, रामखिलावन भैया निर्दोष आहेत, त्यांची माफी मागायला हवी. काही मिनिटांत मजकूर पुसला गेला, आणि ग्रुपमधून मीही. दुसऱ्या दिवशी मॅडमनी माझ्यापुढे राजीनाम्याचा कागद सरकवला.

"आप लोग बाहर से आते हैं, चले जाते हैं। हमें यहीं रहना है।"

"रामखिलावन भैया को भी यहीं रहना था," एवढंच बोलून मी सही केली. ते त्या फाटकाशी पुन्हा कधी आले नाहीत. आता गोमती नगरात रिक्षा चालवतात, असं सनाने मला कळवलं.

गेल्या चैत्रात, कडुलिंबाची पिवळी पानं रस्त्यावर गिरक्या घेत असताना, तेलीबागेच्या बाजारात अवस्थी मॅडम समोर आल्या. निवृत्त झालेल्या, वाकलेल्या, हातात पालकाची जुडी. त्या हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"कैसी हैं? नाराज़ हैं अब तक?"

"रामखिलावन भैया से माफ़ी माँगी आपने?"

त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्यांनी खरोखर आठवून पाहिलं. त्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, ते मी शपथेवर सांगेन.

"कौन रामखिलावन?"

मी पुढे गेले. काळ सगळ्यांनाच थोडं थोडं पुसत नेतो, पण आधी कुणाला पुसायचं हे तो घाव घालणाऱ्याला विचारतो. म्हणून रस्त्यावरच्या एका माणसाचं नाव मी अजून जपून ठेवलं आहे, आणि त्याच्या शेजारी, तितक्याच काळजीने, अवस्थी मॅडमचंही.