पंचविसावा घनमीटर

हेंड्रिकाबाईंच्या परसात सरकारी तपासनीस योरिटने अकरा भोकं पाडली. प्रत्येकातून डांबराचा वास वर आला. जुन्या गॅस कारखान्याची घाण अजून जमिनीतच होती. दूषित मातीचं मोजमाप मात्र चोवीस घनमीटरांवर थांबलं. नियमाला पंचवीस लागतात. त्याहून कमी भरलं, तर सरकार फावडं उचलत नाही.

स्वयंपाकघरात बाईंनी त्याला कॉफी दिली, एक बिस्किट दिलं आणि डब्याचं झाकण लावलं.

"एका घनमीटरने राहिलं, बाई," योरिट म्हणाला.

"राहिलं कसलं? तो बारेंडकडे आहे."

भिंतीवरच्या फोटोत त्यांचा नवरा बारेंड मुळ्याची जुडी धरून हसत होता. चाळीस वर्षं याच मातीतलं खाऊन तो मार्चमध्ये गेला.

"माझ्यावर आपल्याच बागेची माती टाका, असं बजावून गेला," बाई म्हणाल्या. "मी आणि शेजाऱ्यांनी बारा ढकलगाड्या नेल्या. नासपतीखालचा खड्डा बघितलास ना, तो त्याचाच."

योरिटने अर्ज उलटापालटा करून पाहिला. कबरीसाठी रकाना नव्हता. "नियम फक्त जागेवरची माती मोजतो," तो पुटपुटला. आता कॉफीलाही डांबराचा वास येत होता. त्याने कप खाली ठेवला.

"मग जाताना दफनभूमीत थांब," बाई शांतपणे म्हणाल्या. "त्याला सांग, सरकारला माती परत हवी आहे. तसाही रोज संध्याकाळी येतोच की बागेत, रिकामे हात हलवत."