अपील जिंकण्याची भीती

मुलाच्या हाती जीप द्यायची आणि ब्रेक मात्र देवावर सोपवायचा, ही आपल्याकडच्या बऱ्याच घरांची रीत झाली आहे. वडगाव निंबाळकरच्या द्वारकाबाईंचं घरही त्यातलंच. त्यांचा मुलगा सौरभ वडापची, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीची, जीप चालवायचा. पुढची गाडी मागं टाकायच्या नादात त्यानं लासुर्ण्याजवळ रस्त्याकडेनं चाललेल्या सासू-सुनांना उडवलं. खटला चालला आणि १९९६ साली इंदापूरच्या कोर्टानं त्याला सहा महिन्यांची कैद ठोठावली.

तेव्हापासून द्वारकाबाईंच्या घशाखाली घास उतरत नव्हता. बारामतीला वरच्या कोर्टात अपील दाखल झालं होतं, पोरगा जामिनावर घरी होता, पण पुढं काय? वकील म्हणाले, "जखमी बायकांनी कोर्टात येऊन तडजोड मान्य केली, तर काम होईल." झालं! बाईंनी दोन साड्या घेतल्या, खण-नारळ घेतले आणि लासुर्ण्याला निघाल्या.

जीप अर्थात सौरभच चालवत होता. उसाच्या ट्रॅक्टरला घासून पुढं, समोरून एसटी आली तरी पुढं! हॉर्न ऐकून कडेच्या बायका पाण्याच्या चारीत उतरत होत्या.

"जरा दमानं घे की रं!"

"आई, तू उगं घाबरती. काय व्हत न्हाय."

काय होत नाही! ज्याच्यासाठी त्या पदर पसरायला निघाल्या होत्या, तोच असं म्हणत होता. पण अपिलाची आठवण होताच बाईंनी मांडीवरच्या साड्या सावरून धरल्या.

अंगणात जीप करकचून थांबली. दारातली तरुण बाई दचकून भिंतीला चिकटली. ती मनिषा, अपघातातली सून. मागोमाग तिची सासू भागूबाई काठी टेकत बाहेर आली. कोण आलंय ते दोघींनीही ओळखलं.

द्वारकाबाईंनी साड्या पुढं ठेवल्या. "भागूबाई, पाया पडते. एकदा कोर्टात म्हणा, आमची तक्रार न्हाय. एकुलतं पोरगं हाय माझं."

"बोलू की. पर दारात आलेल्या सवाष्णीला आदी हळदकुंकू. मनिषा, करंडा आण गं."

मनिषानं बोट कुंकवात बुडवून हात उचलला. तो हनुवटीपाशीच अडला, वर जाईना. मोडलेलं हाड वाकडं बसलं होतं. ती कसनुशी हसली. "जरा वाकता का, मावशी?"

द्वारकाबाई वाकल्या. कपाळाला कुंकू लागलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"आमी दोघी येतो कोर्टात," भागूबाई म्हणाली. "त्यो तुरुंगात गेला म्हणून ह्या पोरीचा हात काय वर व्हणार न्हाय. पर एक इचारते. सुटल्याव त्यो गाडी कशी चालवंल? आत्ता अंगणात घातली, तशीच?"

इतके दिवस द्वारकाबाईंना अपील हरण्याची धास्ती होती. आता जिंकण्याचीच भीती वाटू लागली! हा सुटेल, उद्या आणखी कुणाच्या सुनेला उडवेल, आणि आपण पुन्हा साड्या घेऊन निघू.

"न्हाय!" त्या एकदम ओरडल्या. "भागूबाई, तुमी कोर्टात यायचं न्हाय!"

"आई! मला आत घालती व्हय?"

"तू आदी ह्यांच्याकडं बघ. कोर्टात तरी कवा मान वर करून बघितलं हुतंस का?"

सौरभनं बघितलं. मनिषा दुखरा हात दुसऱ्या हातानं दाबत उभी होती. त्याला तिथं उभं राहवेना.

"वैनी, चूक माझी हाय. मीच जोरात हुतो," तो कसाबसा म्हणाला. कोर्टात त्यानं हे एकदाही कबूल केलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी बारामतीला जाऊन त्यानं अपील मागं घ्यायला सांगितलं. वकील चिडले. "अरे, सुटण्यासारखी केस आहे!"

"म्हणूनच, साहेब. सुटलो आसतो, तर पुन्ना तशीच चालवली आसती."

शेजारी द्वारकाबाई पदरात तोंड खुपसून रडत होत्या, पण त्यांनी त्याला अडवलं नाही.

मित्रहो, कायद्यानं अपिलाचा हक्क दिला आहे आणि तो असायलाच हवा. पण भरधाव गाडीखाली मोडलेल्या हातापायांना वरचं कोर्ट नसतं! तेव्हा मुलासाठी वकील शोधायची वेळ येण्याआधीच त्याला वेग आवरायला सांगा. आणि नाहीच ऐकलं, तर गाडीची किल्ली काढून घ्या. तो चार दिवस रुसेल, तेवढं सोसा.